बडी हॉलीचे पैसे कुठे अडकले होते?

बडी हॉली म्हणजे १९५० च्या दशकातला अमेरिकन रॉक अँड रोल गायक. त्याचं नाव काढलं की लोक आधी विमानाबद्दलच बोलतात. २२ वर्षांचा पोरगा, बर्फाची रात्र, छोटं विमान, संपलं. मलाही आधी तेवढंच माहीत होतं. मग त्याची गाणी ऐकत गेलो, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्याचं गाणं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये एक नंबरला जाऊन आलंय, जो एड सुलिव्हनच्या टीव्ही शोवर दोनदा झळकलाय, तो माणूस जानेवारीच्या कडाक्यात हीटर बंद पडलेल्या बसमधून गावोगाव का हिंडत होता? नुकतं लग्न झालेलं, बायको गरोदर, न्यूयॉर्कमध्ये चांगलं घर, घरी बसून निवांत गाणी करता आली असती की.

तर कारण पैसे. कमावले नव्हते असं नाही, कमावलेले हातात येत नव्हते. आणि ते का येत नव्हते हे कळायचं तर त्या काळी रेकॉर्डचा पैसा फिरायचा कसा हे समजून घ्यावं लागतं. प्रकरण जरा किचकट आहे, पण बडीच्या आयुष्याच्या क्रमानेच गेलं की बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून तसंच सांगतो.

लबक म्हणजे पश्चिम टेक्सासमधलं सपाट, कापसाचं गाव. तिथे ७ सप्टेंबर १९३६ ला चार्ल्स हार्डिन हॉली जन्मला, चार भावंडांत शेंडेफळ. घरात गाणंबजावणं होतंच, मोठे भाऊ वाजवायचे, त्यांच्याकडे बघून हाही शिकला. शाळेतल्या बॉब माँटगोमेरी नावाच्या मित्राबरोबर 'बडी अँड बॉब' अशी जोडी जमवली आणि गावातल्या केडॅव्ह रेडिओवर रविवारी त्यांचा कार्यक्रम लागायला लागला. दिवसा कंट्री म्युझिक, पण रात्री पोरं गाडीत बसून रेडिओ फिरवत फिरवत लांब श्रीव्हपोर्टचं स्टेशन पकडायची, तिथे काळ्या कलाकारांचं रिदम अँड ब्लूज लागायचं. हे विसरून चालणारच नाही, रॉक अँड रोल जे काय आहे त्याचा गाभा तिथून आलाय आणि बडीच्या पिढीच्या गोऱ्या पोरांनी तो असा रात्री चोरून चोरून कानात साठवलाय. १९५५ मध्ये एल्व्हिस प्रेसली लबकला आला, त्याच्या आधी स्टेजवर बडी आणि बॉब वाजवून गेले, आणि एल्व्हिसला समोर बघितल्यावर बडीचा मार्ग ठरलाच म्हणायचं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉक अँड रोलवाल्या बिल हेलीच्या कार्यक्रमाआधी वाजवताना नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री म्युझिकच्या राजधानीतल्या, एका माणसाची नजर त्याच्यावर पडली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला डेक्का या रेकॉर्ड कंपनीचं काँट्रॅक्ट आलं. घरच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शेवटच्या वायच्या आधी ई असलेलं होतं. काँट्रॅक्टवर तो ई टाइप करायचा राहिला. बडीने ते तसंच ठेवलं, आणि जगाला माहीत असलेलं हॉली ते हे, ई नसलेलं. म्हणजे पहिल्याच काँट्रॅक्टने त्याच्याकडून एक अक्षर घेतलं. हे मला फार लागलं वाचताना.

नॅशव्हिलला काही जमलं नाही. तिथले लोक कसलेले होते, पण त्यांना कंट्रीचा गायक हवा होता आणि याला हवं होतं दुसरंच. १९५६ च्या जुलैमध्ये तिथे 'दॅटल बी द डे' पहिल्यांदा रेकॉर्ड झालं. ते व्हर्जन आजही ऐकायला मिळतं. वरच्या पट्टीत, ताणून गायल्यासारखं वाटतं, गाणं तेच पण त्यात बडी सापडत नाही. कंपनीने ते बाहेरच काढलं नाही. जी दोन रेकॉर्डं काढली ती चालली नाहीत आणि १९५७ च्या सुरुवातीला डेक्काने त्याला सोडून दिलं.

आता इथे पहिली गाठ. काँट्रॅक्टमध्ये एक कलम होतं की डेक्कासाठी रेकॉर्ड केलेलं कुठलंही गाणं कलाकाराने पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी रेकॉर्ड करायचं नाही, मग डेक्काने ते बाजारात आणलेलं असो वा नसो. म्हणजे स्वतःचंच गाणं, कपाटात धूळ खात पडलंय, आणि गाऊ शकत नाही. कंपनीच्या बाजूने बघितलं तर कलमाला अर्थ आहे, आम्ही स्टुडिओचा खर्च केला, उद्या हाच गाणारा तेच गाणं दुसरीकडे देऊन आमच्याशी स्पर्धा करेल. पण जे गाणं विकायचंच नाही त्यावर बसून राहणं म्हणजे वाट अडवणंच झालं. बडीने डेक्काला फोन लावून विचारलं, आणि तो फोन टेपवर रेकॉर्ड करून ठेवला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. समोरून 'नाही' असंच उत्तर आलं.

मात्र तोपर्यंत गाणं परत रेकॉर्ड होऊन गेलेलं होतं.

लबकपासून दीडेकशे किलोमीटरवर, राज्याची हद्द ओलांडली की न्यू मेक्सिकोमधलं क्लोव्हिस गाव. तिथे नॉर्मन पेटी नावाच्या माणसाचा स्वतःचा स्टुडिओ होता. मोठ्या शहरांतले स्टुडिओ तासावर पैसे घ्यायचे, घड्याळ डोक्यावर, त्यामुळे तीन तासांत जे होईल ते. नॉर्मन गाण्यावर पैसे घ्यायचा, लागेल तेवढा वेळ घ्या. बडीसारख्या सतत काहीतरी करून बघणाऱ्या पोरासाठी हे घबाडच होतं. फेब्रुवारी १९५७ मध्ये रात्रभर बसून त्यांनी 'दॅटल बी द डे' पुन्हा केलं, आणि यावेळी ते जसं हवं तसं झालं.

मग डेक्काच्या कलमाचं काय? तर रेकॉर्डवर बडीचं नावच टाकायचं नाही, बँडचं नाव टाकायचं. ड्रमवर जेरी ॲलिसन, उभ्या बासवर जो बी. मॉल्डिन, दुसऱ्या गिटारवर निकी सलिव्हन. नाव शोधायला पोरं किड्यांच्या यादीत शिरली, त्यात बीटल्सवरही चर्चा झाली म्हणतात, शेवटी ठरलं क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. आणि हे गाणं घेतलं कुणी, तर ब्रन्सविक नावाच्या लेबलने, म्हणजे ज्या नावाखाली रेकॉर्ड बाजारात येते त्याने, आणि ते डेक्काचंच होतं! म्हणजे एका दाराने हाकललेला पोरगा त्याच घरात दुसऱ्या दाराने आला. हे उघड झाल्यावर भांडत बसण्यात कुणालाच फायदा नव्हता, गाणं तर विकलं जात होतं. मग असं ठरलं की बँड म्हणून येईल ते ब्रन्सविकवर आणि बडी हॉली म्हणून येईल ते कोरल नावाच्या लेबलवर, तेही डेक्काचंच. म्हणून त्याच्या रेकॉर्डवर दोन वेगवेगळी नावं दिसतात आणि नवीन ऐकणारा गोंधळतो की क्रिकेट्स वेगळे आणि बडी वेगळा का. तीच माणसं, तोच स्टुडिओ, फरक फक्त कागदाचा.

सप्टेंबर १९५७ मध्ये गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं, नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये.

पैशाकडे येण्याआधी 'पेगी सू' कसं झालं ते सांगतो, कारण भांडण नेमकं कशावरून झालं ते तेव्हाच कळेल. गाणं आधी 'सिंडी लू' होतं, बडीच्या भाचीच्या नावावरून, मग जेरीच्या मैत्रिणीचं नाव त्यात आलं. जेरी त्यात पॅराडिडल नावाचा ड्रमवरच्या हातांचा क्रम वाजवतो, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. शाळेत बाकावर दोन्ही हातांनी करून बघा, हात लगेच अडखळतात, आणि हा पठ्ठ्या अख्खं गाणं न थांबता त्या वेगात वाजवतो. आवाज इतका की बाकी सगळं त्यात बुडायला लागलं, म्हणून ड्रम उचलून बाहेरच्या रिसेप्शनच्या खोलीत नेले. तिकडे जेरी एकटा वाजवतोय, आतमध्ये नॉर्मन त्या आवाजाला प्रतिध्वनी देणारं कनेक्शन चालू बंद चालू बंद करतोय, म्हणून ते ड्रम लांबून जवळ येतात आणि परत लांब जातात असं वाटतं. हेडफोन लावून ऐका, स्पष्ट कळतं. गिटारचा सोलो आला की बडीला त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा स्विच बदलून आवाज धारदार करायचा होता, पण गातागाता, सतत खाली-वर हात मारत असताना स्विचला हात लावायला एक क्षण मिळेना. तर निकी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि बरोबर त्या क्षणी स्विच पाडला, सोलो संपल्यावर परत वर केला. त्या गाण्यात निकी गिटार वाजवतच नाही, त्याचं काम तेवढंच, पण तेवढं नसतं तर गाणं ते गाणं झालं नसतं.

'एव्हरीडे'मध्ये जेरी ड्रम न वाजवता मांड्यांवर थाप मारतो आणि नॉर्मनची बायको, तिचं नाव व्हाय, सेलेस्टा नावाचं घंट्यांसारखं वाजणारं छोटं पियानोसारखं वाद्य वाजवते. 'नॉट फेड अवे'मध्ये ड्रमच्या जागी पुठ्ठ्याचा खोका. आणि बडीचा तो आवाज, मध्येच उचकी लागल्यासारखा तुटणारा, 'रेव्ह ऑन'च्या सुरुवातीला एका शब्दाचे तो सहा तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पायरीवर ठेवतो. हे कुणी शिकवून येत नाही.

तर आता पैसा. रेकॉर्डमधून पैसा दोन वेगळ्या नळांनी येतो असं समजा. एक गाणाऱ्याचा, रेकॉर्ड विकली की कंपनी किमतीचा ठरलेला छोटा हिस्सा गाणाऱ्याला देते. दुसरा गाणं लिहिणाऱ्याचा. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने दर ठरलेला होता, प्रत्येक विकल्या गेलेल्या रेकॉर्डमागे एका गाण्याचे दोन सेंट, आणि हाच दर १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकला. या दोन सेंटातला साधारणपणे एक सेंट प्रकाशकाला आणि एक सेंट लिहिणाऱ्याला. प्रकाशक म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी, तिचं छापखान्याशी काही देणंघेणं असेलच असं नाही. शिवाय रेडिओवर गाणं लागलं की त्याचा पैसा लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतो, अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही, आजही नाही. म्हणजे गाण्यावर लेखक म्हणून कुणाचं नाव आहे हा मानाचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून जास्त हा वर्षानुवर्षं येणाऱ्या चेकचा प्रश्न आहे.

समजा एक गाणं १० लाख खपलं. दोन सेंटने झाले २०,००० डॉलर. १०,००० प्रकाशकाचे, १०,००० लेखकांचे. लेखक म्हणून तीन नावं असतील तर प्रत्येकी ३,३३३. आता प्रकाशन कंपनी ज्याची आहे त्याचंच नाव त्या तीन लेखकांतही असेल तर त्याच्याकडे गेले १३,३३३ आणि ज्याच्या डोक्यातून गाणं आलं त्याच्याकडे ३,३३३. नॉर्मनची कंपनी होती नॉर-व्हा-जॅक, नॉर्मन, व्हाय आणि त्यांच्या ग्रुपमधला जॅक यांच्या नावांतून जुळवलेली. बडीची बरीचशी गाणी तिच्याकडे होती, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांवर लेखक म्हणून नॉर्मनचंही नाव. 'पेगी सू'वर तर सुरुवातीला जेरी आणि नॉर्मन एवढीच दोन नावं होती, बडीचं नावच नव्हतं! ते नंतर घातलं गेलं. 'एव्हरीडे'वर बडी चार्ल्स हार्डिन म्हणून आहे, म्हणजे स्वतःच्याच नावाचा अर्धा भाग टोपणनाव म्हणून.

नॉर्मनला मी सरळसरळ चोर म्हणणार नाही. त्याने घड्याळाकडे न बघता स्टुडिओ दिला, आवाज कसा टिपायचा याचं त्याला विलक्षण ज्ञान होतं, न्यूयॉर्कच्या ऑफिसांचे उंबरे त्याने झिजवले, आणि स्टुडिओवाल्याने किंवा मॅनेजरने आपलं नाव लेखकांत घालणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. पण एकाच माणसाच्या हातात सगळं होतं हे मात्र खरं. स्टुडिओ त्याचा, प्रकाशन त्याचं, मॅनेजर तोच, आणि कलाकारांचे चेक यायचे तेही त्याच्याकडेच, क्लोव्हिसच्या खात्यात. पोरांना लागतील तसे तो द्यायचा. सगळं गोडीगुलाबीने चाललंय तोपर्यंत यात काही खुपत नाही, चौकात दुकान चालवणाऱ्या काकांकडे वही ठेवावी तसं. वांधा होतो तो निघायची वेळ आल्यावर.

१९५८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया, मार्चमध्ये इंग्लंड. इंग्लंडचा दौरा २५ दिवसांचा, जवळजवळ रोज दोन शो. तिथल्या पोरांनी पहिल्यांदा बघितलं की बँड म्हणजे गिटार, बास आणि ड्रम एवढं पुरतं, आणि जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेला माणूससुद्धा समोर उभा राहून स्वतःचीच गाणी गाऊ शकतो. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनन आणि पॉल मॅककार्टनीच्या बँडने त्याच वर्षी पैसे गोळा करून आयुष्यातली पहिली रेकॉर्ड केली, ती 'दॅटल बी द डे'ची.

जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये पीअर-सदर्न या संगीत प्रकाशनाच्या ऑफिसात रिसेप्शनवर बडीला मारिया एलेना सँटियागो भेटली. पहिल्याच भेटीच्या संध्याकाळी त्याने लग्नाचं विचारलं, १५ ऑगस्टला लबकला लग्न झालं पण. ती प्रकाशनाच्याच ऑफिसात काम करणारी, हा धंदा तिने रोज समोर बघितलेला. बडीला आता न्यूयॉर्कमध्ये राहायचं होतं, ऑक्टोबरमध्ये तो व्हायोलिनच्या ताफ्याबरोबर 'ट्रू लव्ह वेज'सारखी गाणी करत होता, क्लोव्हिस मागे पडत चाललं होतं. वर्ष संपता संपता त्याने नॉर्मनला सोडायचं ठरवलं. जेरी आणि जो बी. मात्र नॉर्मनकडेच थांबले, क्रिकेट्सचं नावही तिकडेच राहिलं. भांडण असं नाही, पोरं घराजवळ राहिली आणि हा लांब गेला.

आणि इथे पैसे अडकले. रॉयल्टी, म्हणजे रेकॉर्डमागे येणारा हा हिस्सा, नॉर्मनच्या ताब्यातल्या खात्यात, हिशोब पूर्ण होईपर्यंत तो सोडायला तयार नाही, बडीने वकील लावला, आणि वकिलाचं काम म्हटलं की महिने जातात. रेडिओवर गाणी वाजतायत, दुकानात रेकॉर्डं विकली जातायत, आणि ज्याच्या गळ्यातून ती आली त्याच्याकडे घरभाड्याची चिंता. त्या डिसेंबर-जानेवारीत न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागातल्या घरात त्याने एका टेपरेकॉर्डरवर फक्त गिटार घेऊन काही नवीन गाणी भरून ठेवली. ती मूळ टेप ऐकताना बाजूच्याच खोलीत कुणीतरी गुणगुणतंय असं वाटतं, आणि त्यात पैशाच्या काळजीचा मागमूस नाही. त्याला अजून किती काय करायचं होतं हे त्या टेपांवरून कळतं.

हातात रोख पैसा येईल असा एकच मार्ग होता, दौरा. 'विंटर डान्स पार्टी' नावाचा दौरा २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीपासून सुरू झाला, २४ दिवसांत २४ गावं. बरोबर १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स, बिग बॉपर म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन, डिऑन अँड द बेलमाँट्स हा गाणारा ग्रुप. क्रिकेट्स नव्हते, म्हणून बडीने नवा बँड जमवला, बासवर लबकचाच वेलन जेनिंग्ज, जो पुढे स्वतः मोठा गायक झाला, गिटारवर टॉमी ऑलसप, ड्रमवर कार्ल बंच. गावांचा क्रम नकाशा न बघताच लावल्यासारखा, आज इकडे, उद्या शेकडो मैल तिकडे, परवा परत मागे. बस बंद पडायच्या, हीटर बंद पडायचे, शून्याच्या कितीतरी खाली थंडी. कार्ल बंचचे पाय गारठून इतके खराब झाले की त्याला मिशिगनमध्ये हॉस्पिटलात ठेवून पुढे जावं लागलं. ३१ जानेवारीला डुलुथच्या शोमध्ये प्रेक्षकांत १७ वर्षांचा बॉब डिलन होता, बडीने आपल्याकडे बघितलं हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

२ फेब्रुवारीला खरं तर सुट्टी होती, पण आयत्या वेळी आयोवातल्या क्लिअर लेकचा सर्फ बॉलरूम ठरला. तिथून मिनेसोटातलं मूरहेड, पुन्हा रात्रभर तीच बस. बडीने मेसन सिटीच्या विमानतळावरून छोटं विमान भाड्याने घेतलं, माणशी ३६ डॉलर, म्हणजे आधी पोहोचून जरा झोप होईल, कपडे धुऊन होतील. वेलनने आपली जागा तापाने फणफणलेल्या रिचर्डसनला दिली, ऑलसप नाणेफेकीत आपली जागा रिचीला हरला. रात्री एकच्या सुमारास विमान उडालं आणि काही मिनिटांतच विमानतळापासून थोड्या मैलांवर शेतात कोसळलं. बडी, रिची, रिचर्डसन आणि २१ वर्षांचा पायलट रॉजर पीटरसन, कुणी वाचलं नाही. चौकशीत निघालं की बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांच्या भरवशावर उडायची त्या पायलटची पात्रता नव्हती, विमान वर-खाली किती कललंय ते दाखवणारं उपकरण त्याच्या सवयीच्या उलटं दाखवणारं होतं आणि हवामानाचा इशारा त्याच्यापर्यंत नीट पोहोचला नव्हता. मारियाला बातमी टीव्हीवरून कळली. तिचं पोटातलं बाळ वाचलं नाही.

मूरहेडचा शो रद्द केला नाही. जवळच्या फार्गोमधला १५ वर्षांचा बॉबी व्ही आणि त्याचे मित्र रिकामी जागा भरायला स्टेजवर गेले.

पुढे घरच्यांच्या संमतीने त्या न्यूयॉर्कच्या टेपांवर बाकीची वाद्यं चढवली गेली, आणि १९६० च्या दशकात हे काम नॉर्मन पेटीनेच क्लोव्हिसला केलं. १९७० च्या दशकात बडीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क नॉर्मनकडून विकत घेतले ते पॉल मॅककार्टनीच्या कंपनीने, त्याच लिव्हरपूलच्या पोराने. चष्मा बर्फ वितळल्यावर शेतात सापडला, तो मेसन सिटीच्या कोर्टात एका पाकिटात पडून राहिला आणि १९८० मध्ये कुणीतरी ते पाकीट उघडलं. आता तो लबकला बडीच्या म्युझियममध्ये आहे.

थडगंही लबकलाच आहे. जमिनीलगतचा सपाट दगड, त्यावर गिटार कोरलेली, लांबून येणारी माणसं गिटारच्या तारा छेडायच्या चकत्या, म्हणजे पिक, आणि नाणी ठेवून जातात. दगडावर नाव कोरताना घरच्यांनी आडनाव घरातलंच घातलं. वायच्या आधी ई आहे.